पथ्य आणि विसावा

स्थौल्याच्या रुग्णास आपण वर्ज्य पदार्थांची यादी देतो; पंधरवड्यात ती मोडते. रात्री जेवणानंतर फरसाणाचा डबा उघडणाऱ्यास क्षुधा नसते. पूर्वान्न पचण्याआधीचे ते अध्यशन होय. त्यास हवा असतो दिवसभराच्या शिणानंतरचा विसावा. डबा काढून घेतला आणि विसावा दिला नाही, तर पथ्य टिकत नाही, असे आमचे निरीक्षण आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ११ व्या अध्यायात सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, ही स्वतंत्र चिकित्सा सांगितली आहे. परंतु मन रिकामे ठेवून निग्रह साधत नाही. त्यास हितकर विषय द्यावा लागतो. म्हणून आम्ही प्रथम विचारतो : उद्गारशुद्धी, लाघव व खरी भूक आहे काय? नसल्यास, त्या घटकेस नेमके काय हवे होते? शीण असेल तर काशाच्या वाटीने तुपाचा पादाभ्यंग. एकाकीपण असेल तर भजनी मंडळ किंवा सोबतीने शतपावली. हात रिकामे असतील तर विणकाम वा पेटीवादन. मधुमेही रुग्णाच्या तळव्यास जखम वा बधिरता असल्यास मात्र वाटी टाळावी.

औषधविक्रेत्या बंधूंनी चूर्णांच्या शेजारी काशाची वाटीही ठेवावी. सणाची पुरणपोळी कोणाकडूनही हिरावू नये. ती भूक लागल्यावर, पंगतीत बसून खावी.