अ‍ॅपल पाय : आंबटपणाच्या शोधात

उपाहारगृहातील पदार्थांच्या यादीत ‘अ‍ॅपल पाय’ हे नाव देवनागरीत छापलेले पाहिले, की मराठी वाचकाला क्षणभर हसू येतेच. मैद्याच्या खुसखुशीत पारीत सफरचंदाचे सारण भरून भट्टीत भाजलेला हा पदार्थ. जातकुळी पाहिली तर करंजीचा दूरचा नातलग. करंजी तळतात आणि ज्याची त्याच्या पानात वाढतात, पाय भाजतात आणि कापून सर्वांना वाटतात. शहरांतील अनेक घरांत आता ओटीजी भट्टी आली आहे, शीतगृहांमुळे सफरचंदे वर्षभर मिळतात आणि कृतीही सहज सापडते. तरीही पहिल्या प्रयत्नात बहुतेकांच्या पदरी दोन तक्रारी पडतात. सारण नुसतेच गोड लागते आणि खालची पारी ओलसर, चिवट राहते. पहिल्या तक्रारीचे उत्तर इतिहासात आहे, दुसरीचे तापमानात.

सफरचंदाचे मूळ मध्य आशियात, आजच्या कझाकस्तानातील त्यान-शान पर्वताच्या परिसरात. तेथून ते पश्चिमेकडे गेले. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या स्वयंपाक्यांनी १३९०च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या हस्तलिखितात सफरचंद, पेअर, अंजीर, मनुका आणि केशर यांच्या सारणाची कृती आढळते. तीत साखर नाही; गोडी फळांची आणि मनुकांची. पुढे इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर हा पदार्थ अटलांटिक ओलांडून गेला आणि १७९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात त्याने मानाचे स्थान मिळवले. आज अमेरिकेत एखादी गोष्ट अस्सल अमेरिकन आहे हे सांगायचे तर तिला अ‍ॅपल पायचीच उपमा देतात. फळ मध्य आशियाचे, कृती इंग्लंडची, दालचिनी सिंहलद्वीपाची. अस्सलपणा बहुधा असाच जमून येतो.

या प्रवासात एक गोष्ट मात्र कायम राहिली. पायसाठी सफरचंद आंबटच हवे, हा पाश्चात्त्य गृहिणींचा आग्रह. इंग्लंडमध्ये तर खाण्याचे सफरचंद वेगळे आणि शिजवण्याचे वेगळे. नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल या गावी मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ मध्ये एक बी रुजवले. त्या रोपाचा वृक्ष झाला, पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले आणि फळाला नाव मिळाले ते त्याचे. हे ‘ब्रॅम्ली’ कच्चे खाल्ले तर दात आंबतात; साखरेसह शिजले की मात्र त्याची चव खुलते. बी लावणाऱ्या मुलीचे नाव फळाला लाभले नाही, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

भारतात याच्या उलट घडले. कुलूच्या खोऱ्यात बंद्रोल येथे कॅप्टन आर. सी. ली या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० मध्ये इंग्लंडहून आणलेल्या सफरचंदांची बाग लावली. पण इंग्रजी वाणांचा आंबटपणा भारतीय जिभेला फारसा रुचला नाही. १९०४ मध्ये फिलाडेल्फियाहून भारतात आलेले आणि सिमल्याजवळच्या कोटगढ येथे स्थायिक झालेले सॅम्युअल स्टोक्स यांनी ही नस ओळखली. १९१६च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून ‘रेड डिलिशस’ या गोड, लालबुंद वाणाची रोपे आणून लावली. पुढे हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झालेल्या या गृहस्थांच्या बागेपासून हिमाचलाच्या डोंगरी अर्थकारणाला वळण मिळाले. ‘डिलिशस’ कुळातील सफरचंदांनी बाजारपेठ व्यापली आणि आंबट वाण मागे पडले. गिऱ्हाइकाने गोडी निवडली, ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे भारतीय घरात पाय करणाऱ्यापुढे मूळ कृतीने गृहीत धरलेला आंबटपणा परत आणण्याचे काम येऊन पडते.

ते कठीण नाही. बाजारात मिळणारे हिरवे ‘ग्रॅनी स्मिथ’ हे मूळ ऑस्ट्रेलियन वाण आंबट आणि घट्ट असते. निम्मी सफरचंदे ही आणि निम्मी ‘गोल्डन डिलिशस’ घेतल्यास चव व सुवास दोन्ही साधतात. काश्मीरकडील ‘महाराजी’ मिळाले तर उत्तमच. केवळ लाल, गोड सफरचंदेच हाताशी असतील, तर एका लिंबाचा रस घालावा आणि साखर निम्म्यावर आणावी. हाताला मऊ लागणारे, शीतगृहात दीर्घकाळ राहिलेले फळ मात्र टाळावे. त्याचा भट्टीत लगदा होतो.

नऊ इंची भांड्यासाठी सुमारे सव्वा किलो सफरचंदे लागतात. साले व बिया काढून त्यांच्या पाव इंच जाडीच्या फोडी कराव्यात. त्यात १०० ग्रॅम साखर, लिंबाचा रस, एक चहाचा चमचा दालचिनीची पूड आणि किंचित जायफळ मिसळून पातेले झाकून अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटे ठेवावे. उकळी येऊ देऊ नये. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानात फळातील पेक्टिन अधिक बळकट होते व नंतर भाजतानाही फोडी आकार धरून राहतात. शिवाय फोडी येथेच आक्रसल्यामुळे वरची पारी आणि सारण यांच्यामध्ये पोकळी राहत नाही. सुटलेला रस गाळून, आटवून, गार करून दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअरसह पुन्हा फोडींत मिसळावा. सारण पूर्ण थंड होईपर्यंत पुढे जाऊ नये.

आता पारी. करंजीच्या पिठात कडकडीत मोहन घालतात. गरम तूप मैद्याच्या कणाकणावर पसरते, पाण्याला अटकाव करते आणि पारी खुसखुशीत होते. पायमध्ये स्निग्धांश थंडगार असावा लागतो. ३०० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ आणि २०० ग्रॅम बिनमिठाचे थंड लोणी घेऊन ते बोटांच्या टोकांनी, वाटाण्याएवढे तुकडे राहतील इतपतच चोळावे. मग बर्फाचे पाणी चमच्याचमच्याने घालून पीठ जेमतेम गोळा करावे. मळू नये, कारण मळल्याने ग्लुटेन तयार होऊन पारी चिवट होते. लाटताना लोण्याचे तुकडे चपटे होऊन मैद्याच्या थरांमध्ये बसतात. भट्टीत लोणी वितळते, त्यातील पाण्याची वाफ होते आणि थर सुटे होतात. चिरोट्यांत साटा लावून जे साधतात, तेच येथे लोण्याच्या कणांकरवी साधते. घरी कढवण्यासाठी साठवलेले पांढरे लोणी यासाठी घेऊ नये. त्यात पाण्याचे प्रमाण अधिक असते.

उष्ण प्रदेशात खरी अडचण येथेच येते. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. एप्रिलमधील मुंबई किंवा नागपूरच्या स्वयंपाकघरात ते ओट्यावरच विरघळू लागते. म्हणून मैदा आणि भांडेही आधी शीतकपाटात ठेवावे. पिठाचे दोन गोळे करून तासभर गार करावेत, आणि लाटताना लोणी बोटांना चिकटू लागले तर पोळपाटासह सारे पुन्हा दहा मिनिटे आत ठेवावे. घाई करणाऱ्याची पारी हमखास बिघडते.

खालची पारी ओली राहते, कारण ती भाजून घट्ट होण्यापूर्वी रस तिच्यात मुरतो. उपाय म्हणून भट्टी २२० अंशांपर्यंत पूर्ण तापवावी, लोखंडी ट्रे तीतच तापू द्यावा आणि पायचे भांडे त्यावर खालच्या कप्प्यात ठेवावे. भांडे ॲल्युमिनियमचे असावे. शीतकपाटातून काढलेले काचेचे भांडे तापलेल्या ट्रेवर ठेवल्यास तडकण्याचा धोका असतो. वरच्या पारीला दुधाचा हात लावून चार-पाच चिरा द्याव्यात, म्हणजे वाफेला वाट मिळेल. वीस मिनिटांनंतर उष्णता १८० अंशांवर आणून आणखी चाळीस-पंचेचाळीस मिनिटे भाजावे. वरचा रंग पाहून फसू नये. चिरांमधून दाट रसाचे बुडबुडे दिसू लागले, की कॉर्नफ्लोअर शिजले असे समजावे. कन्व्हेक्शन नसलेल्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र हे जमत नाही. त्यात पारी भाजली जात नाही.

बाहेर काढल्यावर घरभर दालचिनीचा सुवास दरवळतो आणि मुले सुरी घेऊन उभी राहतात. तरीही निदान तीन तास थांबणे भाग आहे, कारण रस निवल्यावरच दाट होतो. गरम असताना कापल्यास तो सारा ताटलीत वाहून येतो. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी भट्टीतच दहा मिनिटे गरम करावा, म्हणजे पारी पुन्हा कुरकुरीत होते.