‘मोडल प्राइस’ म्हणजे सरासरी नव्हे

बारामती-इंदापूरच्या बाजारभावांवर काम करायचं ठरवलंत, तर तुम्ही सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवर जाणारच. अ‍ॅगमार्कनेटचे दर तिथे एपीआयने मिळतात. प्रत्येक ओळीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, प्रत, आवकेची तारीख आणि तीन दर: मिन, मॅक्स, मोडल. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. अख्खा महिना गेला.

आधी तारीख बघा. ती दिवस/महिना/वर्ष अशी, साध्या मजकुराच्या रूपात येते. माझ्याकडे पांडाजची जुनी आवृत्ती होती. तिने ०५/११ म्हणजे ११ मे वाचलं, पण २५/११ मात्र बरोबर! आलेखात प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस कांद्याचा भाव उड्या मारायचा आणि तेरा तारखेपासून शांत व्हायचा. मी त्यावर व्यापाऱ्यांच्या वर्तनाचं स्पष्टीकरणसुद्धा लिहून बसले होते. गाइडने विचारलं, "बारालाच का थांबतं गं हे?" तेव्हा ट्यूब पेटली. ‘डेफर्स्ट’ खरं करा, किंवा फॉरमॅट सरळ लिहून द्या.

आता मोडल. ज्या दराने सर्वाधिक माल विकला गेला तो हा दर. पणन मंडळाच्या तक्त्यात ‘सर्वसाधारण दर’ म्हणतात तो. समजा किमान ८००, कमाल २६०० आणि मोडल १४०० आहे. किमान-कमालची सरासरी १७०० येते, पण त्या दराने कदाचित कुणीच विकलं नसेल. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा अंदाज तिच्यावर बांधलात तर क्विंटलमागे ३०० रुपये हवेतले. हो, दर क्विंटलचे असतात, पण ओळीत एककाचा रकानाच नाही. पणन मंडळाकडे ‘परिमाण’ वेगळं असतं, आणि तिथे कोथिंबीर नगावरही दिसते. दोन्ही स्रोत जोडताना सांभाळा.

याहून मोठी अडचण म्हणजे या दरांच्या ओळीत आवक किती ते नसतं. मग बारामती, जळोची, इंदापूर, निमगाव केतकी यांच्या मोडलची सरळ सरासरी काढली, की दहा क्विंटलचा बाजार आणि हजार क्विंटलचा बाजार सारखेच मोजले जातात. आवक वेगळी आणून भार द्यावा लागतो.

किरकोळ एक. काही फाइलींत रकान्याचं नाव ‘मिन_एक्स००२०_प्राइस’ असं दिसेल. घाबरू नका, एक्समएलने मोकळी जागा तशी लिहिलीय. आणि बाजार बंद असेल त्या दिवशी ओळच नसते. तिथे शून्य भरू नका.