दुष्काळानंतरचे देणेघेणे

इसवी सन १६३० च्या पावसाळ्यात दख्खन आणि गुजरात या दोन्ही मुलखांकडे पर्जन्याने पाठ फिरवली, आणि पुढे जे घडले त्याचा वृत्तान्त शहाजहानच्या दरबारचा तवारीखकार अब्दुल हमीद लाहोरी याने बादशाहनाम्यात लिहून ठेवला आहे. भाकरीच्या तुकड्यासाठी माणसे स्वतःला विकावयास निघाली तरी घेणारा मिळेना, बकऱ्याचे म्हणून कुत्र्याचे मांस विकले जाऊ लागले, मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळली गेली, असे सांगून झाल्यावर त्याची लेखणी बादशहाच्या औदार्याकडे वळते : बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडले गेले, बुऱ्हाणपुरास दर सोमवारी ५,००० रुपयांची खैरात झाली आणि सुमारे ७० लक्ष रुपयांच्या वसुलाची सूट मिळाली. त्याच वर्षी सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास निघालेला इंग्रज कंपनीचा नोकर पीटर मंडी वाटेवरच्या प्रेतांतून मार्ग काढीत चालला होता आणि जे दिसेल ते टिपून ठेवीत होता. या दोघांच्या साक्षीचे मोल मोठे आहे. तरीही पहिल्याच्या लेखी दुष्काळ ही राज्यकारभारातील एक बाब होती आणि दुसऱ्याच्या लेखी परमुलखातील एक भयंकर दृश्य. ज्याच्या उंबऱ्याच्या आत तो दुष्काळ आला, ज्याचे दुकान, ज्याची इभ्रत आणि ज्याची माणसे त्याने नेली, अशा माणसाची जबानी हवी असेल, तर ती इंद्रायणीकाठच्या देहू गावातील एका वाण्याने, तुकोबांनी, अभंगांत देऊन ठेवली आहे.

तुकोबांचे घराणे कंगाल नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांची विठ्ठलभक्ती आणि पंढरीची वारी, पेठेतील महाजनकी, दुकानदारी, शेतीवाडी आणि तिच्या जोडीला सावकारी, असा बरा जम बसलेला होता. वडील बोल्होबा आणि आई कनकाई निवर्तले, थोरले बंधू सावजी पत्नीवियोगानंतर तीर्थाटनास निघून गेले, आणि घरचा सारा भार अंगावर पडलेल्या तरुण तुकोबांवर हा काळ कोसळला. अस्मानीच्या जोडीला सुलतानीही होतीच : मोगलांच्या फौजा निजामशाहीवर चालून आल्या होत्या, आणि विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून तेथे गाढवाचा नांगर फिरवला तो प्रसंगही याच सुमाराचा. शेतात दाणा नाही, रस्त्याने माल सुखरूप येत नाही, आणि ज्यांना उधार दिले ते कुळवाडी घरेदारे टाकून परागंदा झालेले. अशा स्थितीत गावच्या वाण्याचे दिवाळे निघावयास फार दिवस लागत नाहीत.

तुकोबांचा जो आत्मनिवेदनपर दीर्घ अभंग प्रसिद्ध आहे, त्यात हे सारे अवघ्या काही चरणांत येऊन जाते. हे बोलू नये, पण संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशा संकोचाने ते आरंभ करतात. मायबाप गेले, दुष्काळाने द्रव्य आटवले आणि मानही नेला, एक पत्नी अन्नासाठी टाहो फोडीत मेली, या सगळ्याची लाज वाटली, आणि धंद्यात तूट येत चालली, एवढेच ते सांगतात आणि पुढच्याच चरणात मोडकळीस आलेल्या देवळाकडे वळतात. त्या पत्नीचे नाव त्यांनी घेतलेले नाही. रखमाबाई हे नाव आपल्याला चरित्रकारांकडून कळते. तिची कूस, तिचा आजार, अखेरची रात्र, यांपैकी काहीही नाही. आहे तो फक्त तिचा अन्नासाठीचा आक्रोश, आणि लगोलग आलेली लाज. मला या लाजेपाशी थांबणे अवश्य वाटते. शोक हा दैवाने दिलेला असतो, त्यात आपला वाटा नसतो. लाज मात्र कर्त्या माणसालाच वाटते. धान्याचा व्यापार करणाऱ्याच्या घरात बायको धान्यावाचून मरते, याचा जाब जणू त्यांनी प्रथम स्वतःला विचारला. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, येथे त्यांनी प्रारब्धाचा आधार घेतलेला नाही. पूर्वसंचिताचा सिद्धान्त त्यांना ठाऊक होता, इतरत्र ते तो सांगतातही. परंतु या अभंगात, या मृत्यूपाशी, त्यांनी तो उच्चारलेला नाही.

या अभंगाशेजारी दुसरे दोन ठेवले म्हणजे वाचक गोंधळून जातो. एकात दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडा केली, धन आणि गुरेढोरे गेली, जनांत अपमान झाला, बायको कजाग मिळाली, त्या एकेकाबद्दल ते देवापाशी समाधान व्यक्त करतात. दुसऱ्यात तर बाप, बायको, मूल आणि आई यांच्या मरणांची क्रमवार यादी करून, आता विठोबा आणि आपण यांच्यामध्ये कोणी उरले नाही, असे ते म्हणतात. भाविक निरूपणकार या अभंगांतून वैराग्याचा पाठ देतात. मला ते निरूपण अपुरे वाटते. ज्याला खरोखर काही वाटेनासे झाले, तो झालेल्या हानीची अशी बाबवार मोजदाद कशाला करील? ज्याच्या मनात हिशेब मिटलेला नाही तोच एकेक कलम पुन्हा वाचून दाखवतो. आत्मनिवेदनातील लाज आणि या अभंगांतील समाधान एकाच माणसाची आहेत, आणि पहिले विसरून दुसरे वाचणे हा त्या मृत स्त्रीवरही अन्याय आहे.

समर्थ रामदासांनीही अस्मानी-सुलतानीचे वर्णन केले. पण त्यात अवघा मुलूख दिसतो, लोकसमूहाची वाताहत दिसते. तुकोबांच्या जबानीत एकच घर आहे. म्हणूनच त्या घराने पुढे काय केले, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

महिपतीबुवा ताहराबादकरांनी अठराव्या शतकात जी परंपरा ग्रथित केली, तिच्यानुसार तुकोबांनी धाकटे बंधू कान्होबा यांना बोलावून घरातील कर्जखतांची निम्मी वाटणी त्यांच्या स्वाधीन केली, कारण त्यांना संसार चालवावयाचा होता, आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. या कृतीला केवळ विरक्तीचे लक्षण समजणारांनी खत म्हणजे काय याचा विचार केलेला नसतो. दुष्काळात कुळाकडून छदामही वसूल होत नाही हे खरे. पण खत मरत नाही. पाऊस परतला, शेत पिकले, की तेच खत पुन्हा उभे राहते, व्याजाने फुगते, आणि ज्याचे बैल मेले, बायकापोरे मेली, त्याच्या वाचलेल्या हातांवर हक्क सांगते. बादशहाने जो वसूल सोडला त्यातील बराचसा उजाड गावांतून येण्याजोगा नव्हताच. तुकोबांनी सोडला तो पुढच्या सुगीवरचा हक्क होता. घरात भुकेचा आक्रोश ऐकलेल्या सावकाराला दुसऱ्याच्या घरातील धान्यावर दावा सांगणे अशक्य झाले असावे, असे मी समजतो.

माणसांवरचे सारे येणे सोडून दिलेल्या या वाण्याने देवावरचे मात्र कधीही सोडले नाही. धरणे, जामीन, ठेव, भांडवल, दिवाळे, ही पेठेतील भाषा त्यांच्या अभंगांत अखेरपर्यंत आहे, आणि तिच्या नोकेवर बहुधा विठोबा असतो. ते त्याला कृपण म्हणतात, त्याच्या दारात बसून उठत नाहीत, आणि एका अभंगात तर देव आपल्यापुरता संपला, ज्याला असेल त्याला असो, इथपर्यंत जातात. यहुद्यांच्या धर्मग्रंथातील ईयोबानेही देवाला असेच न्यायासनापुढे ओढले होते. पण ईयोबाला अखेर वावटळीतून उत्तर मिळते, गुरेढोरे दुप्पट मिळतात, नवी मुलेबाळे होतात. तुकोबांना काहीच परत मिळाले नाही : ना दुकान, ना माणसे. दुष्काळ का पडला याचे उत्तरही नाही. उलट कवित्वाची स्फूर्ती झाल्यावर त्याच कवित्वापायी निषेध ओढवला, अभंगांच्या वह्या पाण्यात गेल्या, आणि पुन्हा देवाच्या दारी धरणे धरून बसण्याची पाळी आली. त्या धरण्यात देवाने आपले समाधान केले, असे ते लिहितात. पण कसे, ते सांगावयास लागलो तर फार उशीर होईल, आता पुरे, म्हणून आत्मनिवेदन आटोपते घेतात. श्रद्धेचे प्रमाण म्हणून त्यांनी दिली आहे ती आपल्या मनाची ग्वाही. बहुमत मानले नाही, असेही ते त्याच अभंगात नोंदवून ठेवतात.

इ. स. १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णु परशुरामशास्त्री आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेची दोन खंडांची प्रत काढली, तेव्हा तुकोबांच्या अभंगांबरोबर कान्होबांचेही अभंग तिच्यात आले. तुकोबा गेल्यानंतर रचलेले हे अभंग म्हणजे उघडा विलाप आहे. ज्या धाकट्या भावाने आपल्या वाट्याची खते ठेवून घेतली होती, तो येथे पांडुरंगाला दटावतो, दोष देतो, आपला भाऊ आणून दे म्हणून हट्ट धरतो; वैकुंठगमनाच्या सोहळ्याने त्याचे समाधान झालेले दिसत नाही. वारकरी परंपरेने हे अभंग गाळले नाहीत. कीर्तनकार ते आजही म्हणतात, आणि म्हणताना त्यांना देवाची क्षमा मागावीशी वाटत नाही.