यादीत हरवू नये म्हणून

कर्नाटकात शेतजमिनीचा उतारा मोबाईलवर पाहायचा तर राज्य सरकारच्या ‘भूमी’ या भूमिअभिलेख सेवेच्या पडद्यावर आधी जिल्हा निवडावा लागतो, मग तालुका, मग होबळी, मग गाव, मग सर्वे नंबर, सर्नोक आणि शेवटी हिस्सा. म्हैसूरजवळच्या वरुणा गावातली जमीन शोधायची असेल तर जिल्हा ‘म्हैसूर’, तालुकाही ‘म्हैसूर’, होबळी ‘वरुणा’ आणि गावही ‘वरुणा’. पायऱ्या चार, नावं दोनच. मघाशी दाबलं ते लागलं की नाही, अशी शंका यायला एवढं पुरतं. त्यात होबळी ही गावांच्या गटाची पातळी. आपल्याकडे सातबारा काढताना जिल्हा आणि तालुक्यानंतर थेट गाव येतं. त्यामुळे निपाणीकडे वडिलोपार्जित जमीन असलेला कोल्हापूरकर होबळीपाशी अडला तर नवल नाही. त्याला गावाचं नाव पाठ असतं, पण ते कोणत्या होबळीत मोडतं हे त्याला कधी कुणी विचारलेलंच नसतं.

यादीच्या पोटात यादी आणि तिच्या पोटात आणखी एक, ही रचना आता प्रवेशअर्जापासून किराण्याच्या ॲपपर्यंत सगळीकडे आहे. ती कशी मांडावी यावर चाळीसहून अधिक वर्षं प्रयोग होत आले आहेत. १९८१ साली ड्वाइट मिलर या संशोधकाने ६४ नोंदी चार तऱ्हांनी लावून पाहिल्या: दोन-दोन पर्यायांच्या सहा पातळ्या, चार-चारच्या तीन, आठ-आठच्या दोन आणि सगळ्या ६४ एकदम. आठ-आठच्या दोन पातळ्यांत लोकांना हवी ती नोंद सर्वांत लवकर सापडली. १९८५ मध्ये लँडॉअर आणि नाखबार यांनी ४,०९६ नोंदींवर प्रयोग केला, तोही स्पर्शाच्या पडद्यावर. प्रत्येक पातळीवर दोन, चार, आठ, सोळा असे फाटे वाढवत नेले, तसतसा शोधाचा एकूण वेळ घटत गेला. पुढे १९९८ साली मायक्रोसॉफ्टच्या लार्सन आणि चेर्विन्स्की यांनी ५१२ दुवे घेतले. आठ-आठच्या तीन पातळ्या सर्वांत संथ ठरल्या. सोळा आणि बत्तिसाच्या दोन पातळ्या त्यापेक्षा वेगवान निघाल्या.

माणसाला पसरट यादी झेपते, खोल यादी दमवते. प्रत्येक पायरीवर त्याला एक अंदाज बांधावा लागतो: मला हवं ते या नावाखाली असेल का? एक अंदाज चुकला की खालच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात. एका मेनूत सातापेक्षा जास्त नोंदी नकोत, हा समज मात्र आता सोडून द्यायला हवा. सात हा आकडा जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधातून आला आणि तो तात्पुरत्या स्मृतीबद्दल आहे. डोळ्यांसमोर असलेली यादी कुणाला पाठ ठेवायची नसते.

पण मोबाईलवर पसरटपणाचीही किंमत मोजावी लागते. बोट नेमकं पडावं म्हणून ॲपलने दाबायच्या जागेसाठी किमान ४४ एकक आणि गूगलने ४८ एकक उंची सुचवली आहे. त्या हिशेबाने पडद्यावर एका वेळी जेमतेम डझनभर ओळी मावतात. उरलेली यादी नजरेआड राहते.

एवढ्याशा जागेतून प्रचंड ग्रंथ पाहायचा ही अडचण नवी नाही, आणि तिचं एक उत्तम उत्तर म्हैसूरमध्येच सापडलेलं आहे. १८९१ साली स्थापन झालेल्या तिथल्या ओरिएंटल लायब्ररीत, म्हणजे आजच्या प्राच्यविद्या संशोधन संस्थेत, तंजावरकडच्या एका पंडिताने ताडपत्रांची पोथी आणून दिली. लिपी ग्रंथ, भाषा संस्कृत. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी १९०५ मध्ये ती ओळखली: शतकानुशतकं केवळ उल्लेखांतून माहीत असलेलं कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’. १९०९ साली त्यांनी मूळ संहिता छापली आणि १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर पुरं केलं.

ताडपत्र म्हणजे चार-पाच सेंटीमीटर रुंदीची लांब पट्टी. तिच्यावर मोजक्या ओळी, आणि दोऱ्यात ओवलेल्या गठ्ठ्यातलं एका वेळी एकच पान समोर. अशा माध्यमातला हा ग्रंथ पहिल्याच अध्यायात आपला संपूर्ण आराखडा वाचकापुढे ठेवतो. पंधरा अधिकरणं, म्हणजे मोठे भाग, आणि त्यांच्या पोटातली प्रकरणं तिथे नावानिशी, क्रमाने येतात. शेवटी बेरीज: १५ अधिकरणं, १५० अध्याय, १८० प्रकरणं, ६,००० श्लोकांएवढा मजकूर. आत शिरण्याआधीच वाचकाला कळतं की हे केवढं आहे आणि कशाखाली काय आहे.

त्याहून मला मोलाची वाटते ती प्रत्येक अध्यायाच्या शेवटची समाप्तीची ओळ. दुसऱ्या अधिकरणाचा पहिला अध्याय घ्या. तिथे सांगितलेलं असतं की हे ‘अध्यक्षप्रचार’ नावाचं दुसरं अधिकरण, त्यातला हा पहिला अध्याय, विषय ‘जनपदनिवेश’, आणि आरंभापासून मोजला तर हा बाविसावा अध्याय. पहिल्या अधिकरणात २१ अध्याय आहेत, त्यामुळे हिशेब चोख. शाखेतली जागा आणि संपूर्ण ग्रंथातली जागा, दोन्ही एकाच ओळीत. गठ्ठ्यातलं कुठलंही पान हाती आलं तरी पुढच्या समाप्तीपर्यंत गेलं की आपण कुठे आहोत हे समजतं. मोबाईलच्या पडद्यावर माथ्याशी ‘म्हैसूर जिल्हा › म्हैसूर तालुका › वरुणा होबळी’ अशी, पातळीचं नाव जोडलेली पट्टी कायम दिसत राहिली, आणि तिच्यातल्या कुठल्याही नावावर बोट ठेवून तिथे परतता आलं, तर हेच काम होतं.

या ग्रंथातले अध्याय आणि प्रकरणं एकमेकांवर नेमके बसत नाहीत, हेही लक्षात घेण्याजोगं. विवाहाचं एकच प्रकरण तिसऱ्या अधिकरणात तीन अध्यायांवर पसरलं आहे, तर अकराव्या अधिकरणात एकाच अध्यायात दोन प्रकरणं आहेत. ‘अर्थशास्त्रा’चे अभ्यासक ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये आणि ऑलिव्हेल यांनी २०१३ मध्ये प्रकरणांची विभागणी जुनी आणि अध्यायांची नंतरची मानली. म्हणजे एकाच मजकुरावर दोन झाडं वाढली आणि ग्रंथाने दोन्ही जपली. शेवटच्या अधिकरणात सांगितलेल्या ३२ तंत्रयुक्तींमध्ये, म्हणजे ग्रंथरचनेच्या रीतींमध्ये, पुढे येणाऱ्या आणि मागे येऊन गेलेल्या मजकुराकडे बोट दाखवण्याच्याही युक्त्या आहेत. ॲप बनवणारे मात्र बहुतेक वेळा एकच झाड धरून बसतात. वरुणा हे गाव आहे, होबळी आहे आणि विधानसभा मतदारसंघही आहे. माणूस यांपैकी कुठल्या वाटेने येईल हे आधी ठरवता येत नाही. गावाचं नाव लिहिताच होबळी आणि तालुक्यासकट पूर्ण पत्ता दाखवणारा शोध दिला, तर कोल्हापूरकराची अडचण मुळातच मिटते. नावाची रूपंही शोधात धरायला हवीत. १ नोव्हेंबर २०१४ पासून म्हैसूर शहराचं सरकारी इंग्रजी स्पेलिंग बदललं, लोकांच्या बोटांची सवय बदललेली नाही.

मांडणीचे बाकीचे नियम थोडक्यात सांगता येतील. नाव दाबल्यावर त्याच जागी उलगडणारी यादी दोन पातळ्यांपर्यंत ठीक. तिसऱ्या पातळीला समास इतका आत सरकतो की देवनागरीतली लांब नावं मोडून पुढच्या ओळीत जातात, आणि खालच्या नोंदी पडद्याबाहेर ढकलल्या जातात. तिथे नवं पान उघडावं. मागे परतणाऱ्याला यादीच्या टोकाशी नेऊ नये, जिथून तो गेला त्याच ओळीवर आणून सोडावं. हे पाळलं नाही तर माणूस कंटाळून ॲप बंदही करू शकतो.

अकारविल्हे लावलेल्या लांब यादीत कडेला अक्षरांची पट्टी देतात. इंग्रजीत २६ अक्षरं कशीबशी बसतात. मराठीची पन्नासेक अक्षरं बारा सेंटीमीटरच्या पडद्यावर उभी केली तर एकेकाच्या वाट्याला अडीच मिलिमीटरही येत नाहीत, बोटाचं टोक त्याच्या तिप्पट-चौपट रुंद. पण आपली वर्णमाला मुळातच दोन पातळ्यांची आहे. पट्टीवर फक्त अ, क, च, ट, त, प, य, श ठेवावेत आणि ‘त’वर बोट टेकताच त, थ, द, ध, न उलगडावेत. आठ वर्ग आणि प्रत्येकात मोजकी अक्षरं: ड्वाइट मिलर यांच्या प्रयोगात सरस ठरलेल्या मांडणीच्या हे फार जवळ जातं.

क्रमही आपला हवा. युनिकोडच्या सांकेतिक क्रमांकांनी यादी लावली तर ‘क्ष’ हा क आणि ष यांचा जोड म्हणून ‘क’च्या घरात जातो आणि ‘ळ’ ‘ल’नंतर येतो. मराठीच्या वर्णक्रमात ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. या क्रमाचे नियम संगणकासाठी तयार आहेत, ॲपने ते वापरायचे तेवढे बाकी असतात. क्षेत्र माहुली शोधणारा सातारकर यादीच्या तळाशी जातो, आणि ते गाव त्याला तिथेच मिळायला हवं.