दमसास मोजणारी पायरी

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीत शारीरिक शिक्षण हा निवडीचा विषय असून त्याला लेखी परीक्षेचे 70 आणि प्रात्यक्षिकाचे 30 गुण असतात. पोषण, योग, दुखापती, मानसशास्त्र, जैवयांत्रिकी असा अभ्यासक्रमाचा पसारा मोठा आहे. तरी या विषयातले विज्ञान सर्वांत स्पष्ट दिसते ते हार्वर्ड स्टेप टेस्ट या साध्या चाचणीत.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 1927 ते 1947 या काळात थकव्याचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा होती. तिथे लुसियन ब्रुहा यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तरुण पुरुषांसाठी ही चाचणी तयार केली. 20 इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला 30 वेळा, म्हणजे दर दोन सेकंदांना एकदा, चढायचे आणि उतरायचे. असे पाच मिनिटे, किंवा ताल सांभाळता येईनासा होईपर्यंत. मुलींसाठी बाक कमी उंचीचा घेतात. 50 किलो वजनाचा मुलगा पाच मिनिटांत 150 वेळा चढतो, तेव्हा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 37 हजार ज्यूल कार्य करतो. भौतिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर भेटणारे सूत्र इथे पोटऱ्यांना जाणवते.

खरे मापन मात्र थांबल्यावर सुरू होते. विद्यार्थी खाली बसतो आणि थांबल्यापासून एक मिनिटाने त्याच्या नाडीचे ठोके अर्धा मिनिट मोजतात. व्यायामाच्या सेकंदांना 100 ने गुणून 5.5 आणि ठोक्यांची संख्या यांच्या गुणाकाराने भागले की निर्देशांक मिळतो. पाच मिनिटे पूर्ण केलेल्याचे ठोके 70 भरले, तर उत्तर सुमारे 78 येते.

व्यायाम करतानाचे ठोके न मोजता नंतरचे का मोजायचे? विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलते. जोरदार व्यायामात हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. सराव केलेले हृदय एका ठोक्यात अधिक रक्त देते, म्हणून तेवढ्याच कामासाठी त्याला कमी ठोके पुरतात. व्यायाम थांबताच व्हेगस चेतातंतू हृदयाला पुन्हा लगाम घालतो. ठोक्यांची पहिली झपाट्याची घट मुख्यतः त्यामुळे होते. रक्तातले अ‍ॅड्रेनलिन आणि शरीराची वाढलेली उष्णता ओसरायला मात्र वेळ लागतो, म्हणून पुढची घट संथ असते. कसलेल्या धावपटूची धाप लवकर बसते, हा मैदानावरचा जुना अनुभव इथे आकड्यात उतरतो.

चाचणीला मर्यादाही आहेत. बाकाची उंची ठरलेली असल्याने आखूड पायांच्या मुलाला प्रत्येक पायरी जड जाते. काहींच्या मांड्या हृदयाआधीच थकतात. उकाडा, अपुरी झोप आणि परीक्षेची धास्तीही ठोके वाढवते. त्यामुळे दोन मुलांची तुलना करण्यापेक्षा एकाच मुलाची काही आठवड्यांच्या सरावानंतर पुन्हा चाचणी घेणे अधिक अर्थपूर्ण ठरते. नुसते सूत्र पाठ करून दोन गुण मिळतील. नाडीवर बोट ठेवून स्वतःचा आलेख काढणारा विद्यार्थी विषय शिकतो.

त्यासाठी दोन्ही वेळी बाक, ताल आणि दिवसाची वेळ सारखीच हवी, आणि जेवणानंतर लगेच चाचणी घेऊ नये. हृदयविकार, ताप किंवा दमा असलेल्यांना वैद्यकीय सल्ल्याशिवाय बाकावर चढवू नये. चक्कर आली किंवा छातीत दुखू लागले, तर घड्याळाकडे न पाहता चाचणी तिथेच थांबवावी.