डाव्या हाताचं शिक्षण

राहाता-संगमनेर पट्ट्यात सकाळचं दूध डेअरीवर पोचलं की फोन सुरू होतात. "डॉक्टर, गाय माजावर आलीय, सोट टाकतेय." पलीकडून पहिला प्रश्न येतो, "कधीपासून?" सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, असा या धंद्याचा नियम. गोठ्यात ज्याला 'डॉक्टर' म्हणतात तो पुष्कळदा पशुवैद्यक नसतोच. तो पशुधन पर्यवेक्षक असतो, नाहीतर राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून तयार झालेला 'मैत्री', म्हणजे गावातला कृत्रिम रेतन तंत्रज्ञ.

इथवर यायच्या वाटा दोन. एक पदविकेची. ती नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे 'माफसू'च्या, अखत्यारीत येते. दुसरी 'मैत्री'ची, तीन महिन्यांची: महिनाभर वर्ग, दोन महिने प्रत्यक्ष काम.

तीन महिने ऐकायला थोडेच वाटतात, आणि ते थोडेच आहेत. कारण शिकायचं असतं ते हाताने, तेही न बघता. सुरुवात टेबलावर होते. कत्तलखान्यातून आणलेला गर्भाशयाचा भाग चिरून ग्रीवेतली, म्हणजे गर्भाशयाच्या मानेतली, कडी दाखवतात. मग खोड्यातली गाय. हातमोजा घातलेला डावा हात गुदमार्गातून आत जातो, शेण बाहेर काढतो आणि आतड्याच्या भिंतीआडून ग्रीवा चाचपून धरतो. उजव्या हातातली रेतनाची गन योनीतून थोडी वरच्या रोखाने सारायची, नाहीतर ती मूत्रमार्गात शिरते. नवशिक्याची चूक ठरलेली: तो गन ढकलत राहतो. खरं तर गन स्थिर ठेवून डाव्या हाताने ग्रीवाच तिच्यावर ओढून घ्यायची असते, मोजा चढवावा तशी. शेवटचं कडं ओलांडलं की थांबायचं. वीर्य तिथेच, गर्भाशयाच्या तोंडाशी, हळू सोडायचं.

हात बसला तरी गोठवलेल्या वीर्याची कांडी बिघडू शकते. ती उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये असते. हवी ती कांडी शोधताना बाकीच्या कांड्या कंटेनरच्या गळ्याच्या वर आल्या, तर नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. बाहेर काढलेली कांडी ३७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून, पुसून मग कापायची. उन्हातान्हात, घाईत, पाण्याचं तापमान अंदाजाने धरणारेही असतात. निकाल एकविसाव्या दिवसाच्या आसपास लागतो: गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, की नाही.

दारात येऊन रेतन करायची सवय महाराष्ट्राला लावण्यात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला उभ्या केलेल्या 'बाएफ' या संस्थेचा वाटा मोठा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय दिली. पण सगळीकडे संकरच करायचा नसतो. अकोले तालुक्याच्या धो धो पावसात टिकणाऱ्या डांगी गायीला डांगीचीच कांडी हवी. मालक जास्त दुधाच्या आशेने दुसरी मागतो. त्याला समजावणं हाही कामाचाच भाग, जरी तो परीक्षेत कुणी विचारत नसलं तरी.

कायद्याने मात्र या तंत्रज्ञाभोवती रेघ आखली आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरानेच करायचा. पदविका वा प्रमाणपत्रधारकाला राज्य सरकार 'किरकोळ सेवा' करू देऊ शकतं, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. रेतन, लसीकरण, प्रथमोपचार यांसारखी कामं रेघेच्या आत. व्यायला टेकलेल्या गायीच्या गर्भाशयाला पीळ पडला असेल तर तंत्रज्ञाने पशुधन विकास अधिकाऱ्याला, म्हणजे सरकारी पशुवैद्यकाला, फोन लावायचा. मालक म्हणतो, "तुम्हीच हात घालून बघा ना." प्रशिक्षण खरं तर इथे कमी पडतं, 'नाही' म्हणायला कुणी शिकवत नाही.

२०२२ च्या लम्पीच्या साथीत गोठ्यागोठ्यात जाऊन कातडीखाली लस टोचायला हीच फळी हवी होती. आता राहाता तालुक्यात सावळीविहीर खुर्दला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं आहे. पदवी साडेपाच वर्षांची. तोवर रात्री अकराचा फोन आधी तंत्रज्ञालाच जाणार.