जुन्या जीपला मोठी चाके लावण्यापूर्वी



पावसाळा सरून गळिताची तयारी सुरू झाली, की आपल्या वर्कशॉपच्या फाटकाशी जुन्या जीपा आणि वॅगन येऊन उभ्या राहतात. मालकाचे मागणे ठरलेले. "गाडी उंच करून द्या, चाकं मोठी बसवा." काही ठिकाणी शहरातल्या गाड्या पाहून घरच्या पोरांनी हट्ट धरलेला असतो. पण निम्म्या वेळा अडचण खरी असते. ऊसतोड सुरू झाली की पाणंदीत ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या पडतात, मधला उंचवटा तसाच राहतो, आणि गाडी त्यावर पोटाने बसते. मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा. हा त्रास आम्हीही भोगतो, कारण शेतकी खात्याच्या गाड्याही त्याच पाणंदीने फिरतात.

तेव्हा आधी हे पाहू, की अडकते काय? आपल्याकडच्या या बहुतेक गाड्या महिंद्राच्या जुन्या बांधणीच्या, पुढे-मागे अखंड आख आणि पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या. मधल्या उंचवट्याला सगळ्यात आधी घासतो तो आखावरचा डिफरन्शियलचा गोळा. उंची वाढवण्याचे किट बसते आख आणि चेसी यांच्या दरम्यान. त्यामुळे चेसी वर जाते, गोळा जागच्या जागी राहतो. बैलगाडीची साटी उंच केली म्हणून आख काही वर येत नाही, तसेच हे. बांध किंवा ओढ्याचा काठ चढताना गिअरबॉक्सचे पोट सुटते, एवढा फायदा किटचा जरूर आहे. पण चाकोरीतली उंची फक्त टायरच देतो, आणि तीही निम्मी. हिशेब सोपा आहे. 6.00-16 चा टायर उभा मोजला तर सुमारे 28.5 इंच भरतो, 7.00-16 चा सुमारे 30.5. फरक 2 इंचांचा, गोळा उचलला जातो 1 इंच.

त्या एका इंचाची किंमत इंजिन आणि ब्रेक भरतात. चाक 7 टक्के मोठे झाले म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा हलका पडतो. चढाला पूर्वी दुसऱ्यात जाणारी गाडी पहिल्यात घ्यावी लागते, क्लच प्लेट लवकर झिजते. काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 64 ने धावत असते. आणि ड्रम मात्र तेच जुने, त्यांना जड आणि मोठे चाक थांबवायचे. मोकळ्या गाडीत हे कळत नाही. लग्नाला दहा माणसे भरून निघालात की कळते.

चार चाकांचा जोर वापरायचा असेल तर चारही टायर एका मापाचे हवेत. मागे मोठे, पुढे जुने असे केले तर पुढचा आणि मागचा आख वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतो आणि सगळा ताण ट्रान्सफर केसच्या दातांवर येतो. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची पाहिजे; पैसे वाचवायला लोक नेमकी तीच सोडतात.

आता किटविषयी. लांब शॅकल टाकणे सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत जास्त चालते. शॅकल 2 इंच लांब केले तर गाडी 1 इंच उचलते. पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर आखाचा मागे झुकलेला कल कमी होतो, स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही आणि गाडी रस्त्यावर भरकटू लागते. आख आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालण्याची दुसरी रीत आहे. पुढच्या आखाला ठोकळा कधीही घालू नये. ब्रेक दाबला की तो फिरू पाहतो.

एका सभासदाच्या वॅगनला बाहेरच्या गॅरेजमध्ये 3 इंचांचे ठोकळे घातले होते. शॉकअप लांब घेतले, पण ब्रेकचा रबरी पाइप जुनाच ठेवला. ओढ्यात एक चाक खाली लोंबले, पाइप ताणून उपटला, आणि पलीकडच्या उतारावर पायाखाली पेडल नुसते खाली गेले. गाडी बांधाला धडकून थांबली. मागे दोन लेकरे बसली होती, खरचटण्यावर निभावले. ती गाडी आमच्याकडे आली तेव्हा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉसही जादा कोनामुळे खाल्लेला होता.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ मापाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला मालकास 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पंधरा वर्षे झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते, तेव्हा हे लपत नाही. अपघात झालाच तर विम्याचा दावा अडतो तो वेगळाच.

मग करायचे काय? वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचे पाटे बसलेले असतात. ते उतरवून पुन्हा कमान द्या, तुटलेले पान बदला, झिजलेले बुश टाका. गाडी आपल्या मूळ उंचीला येते. आमच्या पाहण्यात, किट मागायला आलेल्यांपैकी कितीतरी जणांचे काम एवढ्यावरच भागले. टायर कंपनीने त्या गाडीला नेमून दिलेल्या मापातलेच घ्या, पण खोल आणि मोकळ्या खाचांचे. काळी माती बारीक खाचांत भरली की टायर भाकरीसारखा गुळगुळीत होतो. फार रुंद टायरचा मोह नको, मडगार्डमध्ये चिखल कोंबून चाक जाम होते. चिखलात शिरताना हवा 25 वरून 18 पौंडांवर आणली तरी गाडी बरीच धरते. डांबरीवर येताच हवा पुन्हा भरायची, म्हणून हातपंप गाडीत असू द्या. पाटे उतरवले असतील तर यू-बोल्ट नवेच घाला आणि दोनशे किलोमीटर चालल्यावर एकदा पुन्हा आवळून घ्या.